दादांची टोचनची जीप

शहागडला हायवेच्या कडेला माझं गॅरेज आहे, आणि मला कित्येक वर्षं एकच प्रश्न विचारला जातोय. लहान टर्बो इंजिन टोचनला टिकतं का? टोचन म्हणजे बंद पडलेली गाडी दोरानं नाहीतर साखळीनं ओढून नेणं. कुणी त्यासाठी जुनी जीप घ्यायला निघालेला असतो, कुणाला पिकअपमागं जनरेटरची ट्रॉली जोडायची असते. विचारणारा चहा पीत पीत विचारतो, उत्तर अर्धंच ऐकतो आणि शेवटी मेव्हण्यानं सांगितलेली गाडी घेतो. मी कंटाळलोय आता. तरी तोंड उघडलं की उत्तर आपोआप बाहेर पडतं. टिकतं. पण ओढून आल्यावर लगेच बंद करू नका. दोन मिनिटं जागेवर चालू ठेवा, मग चावी फिरवा.

यात काही मोठी विद्या नाही. इंजिनातून निघणाऱ्या गरम धुराच्या जोरावर टर्बोतला पंखा फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. म्हणून लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. ओझं ओढून आलं की तो टर्बो लाल होईस्तोवर तापलेला असतो. त्याला थंड ठेवतं ते इंजिनाचं तेल. तुम्ही खटकन इंजिन बंद केलं की तेल जागच्या जागी थांबतं आणि जळून त्याची काजळी होते. एकदा केलं तर काही होत नाही. रोज केलं तर पंखा ज्यावर फिरतो तो आतला दांडा झिजतो. एवढंच आहे. हे मी आल्यागेल्या सगळ्यांना सांगितलं. फक्त माझ्या दादांना सांगितलं नाही.

दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले, त्यामुळं मला वाढवलं त्यांनीच. जुन्या जालन्यात एका मिस्तरीच्या हाताखाली मला ठेवून आले तेही तेच, आणि मी काम शिकून परत आलो तर गॅरेजला जागा बघून ठेवलेली. ते स्वतः जीप चालवायचे. आधी तीर्थपुरीच्या बाजाराला माणसं नेत-आणत, पुढं माझ्या गॅरेजमुळं टोचनच्या कामाला लागले. हायवेवर कुठं गाडी बंद पडली की माणूस माझ्याकडं यायचा, मी दादांकडं बघायचो आणि दादा टोपी सारखी करून उठायचे. त्यांच्या हाताला नाव होतं. दोर ताणला कधी आणि मागची गाडी हलली कधी, हे मागं बसलेल्याला कळायचंसुद्धा नाही. ट्रकवाली माणसं सहसा कुणाला चांगलं म्हणत नाहीत, पण तीही दादांना मान द्यायची.

दादांची एक सवय होती. गाडी थांबली की चावी बंद. खरं तर पुरती थांबायच्या आधीच. रस्त्यात कुणाशी दोन शब्द बोलायचे असले तरी आधी इंजिन बंद करायचे. "उभी गाडी डिझल पिऊन राह्यली म्हंजे धडधाकट माणूस बसून खाऊन राह्यलं," असं म्हणायचे. मला गाडी शिकवत होते तेव्हा एकदा मी इंजिन चालू ठेवून पाणी प्यायला उतरलो, तर चार माणसांत माझा कान पिळला होता. जुन्या जीपला ही सवय चालून गेली. ते इंजिन बैलासारखं होतं, कसंही जुंपा, कसंही सोडा.

ती जीप थकली तेव्हा टर्बोची जीप मीच सुचवली. जुनीच होती, पण इंजिन चांगलं होतं. पहिल्याच दिवशी दादांनी भरलेला टेम्पो ओढून आणला. गॅरेजच्या दारात आले, खटकन चावी बंद केली आणि खाली उतरून म्हणाले, "बारकं हाये, पण वढतंय बराबर."

तेव्हाच सांगायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण ज्यांनी मला स्टेअरिंग धरायला शिकवलं, त्यांना मी गाडी बंद कशी करायची ते शिकवू? एकदा धीर करून म्हणालो, "दादा, ह्या इंजिनाला जरा..."

"काय?"

"काई न्हाई. ऑइल बघून घेतो."

आणि खरंच ऑइल बघत बसलो. पुढं ऑइल वेळेच्या आधीच बदलायला लागलो, फिल्टर साफ करायला लागलो. तेवढ्यानं भागेल अशी मनाची समजूत. दादा समोर असले की गिऱ्हाइकालाही ते दोन मिनिटांचं सांगत नसे. लेकी बोले सुने लागे असं वाटलं असतं त्यांना. टोचनवरून जीप आली की मी मुद्दाम पाठ करून उभा राहायचो, तरी चावीचा तो खटका ऐकू यायचाच. मला दादांचा राग यायचा. मग माझाच यायचा.

दुसऱ्या उन्हाळ्यात ते झालं. गोदावरीच्या पलीकडं एक कार बंद पडली होती, आत नवरा-बायको आणि म्हातारी आई. दादा निघाले, मीही शेजारी बसलो. कार दोराला बांधून परत येताना पुलावर टर्बोची शिटी बदलली. मागं निळा-पांढरा धूर उठला, आणि दादांचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचललेला असतानाही इंजिनाचा वेग चढायला लागला. दादांनी चावी बंद केली. इंजिन आणखी ओरडायला लागलं. टर्बो फुटून तेल इंजिनात जात होतं आणि इंजिन डिझेल सोडून तेच जाळत होतं. आता चावीचा काही संबंध उरला नव्हता. चावीवर हात तसाच ठेवून दादा माझ्याकडं बघत होते.

"बंद होऊन न्हाई राह्यली," ते हळूच म्हणाले.

मी ओरडलो, "वरचा गियर टाका, ब्रेक दाबा, क्लच सोडा." आयुष्यात पहिल्यांदा मी दादांवर ओरडलो. त्यांनी केलं तसंच. जीप जोराचा गचका खाऊन बंद पडली आणि मागची कार येऊन आमच्यावर आदळली. कुणाला लागलं नाही, कारचा एक दिवा फुटला. म्हातारी रडायला लागली. तिचा मुलगा खाली उतरला आणि दादांकडं न बघता मला म्हणाला, "वय झालंय त्यांचं. कशाला गाडी देता हातात?" दादा तेव्हा पंचावन्नचे होते. मी त्या माणसाला काहीच बोललो नाही. बोलायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी टर्बो खोलला. आतला दांडा खुळखुळ हलत होता आणि वर जळक्या तेलाचा काळा थर. दादा शेजारी उभे होते.

"कशानं झालं?"

"मालच हलका, दादा. बनवणाऱ्याची चूक. अशा लय गाड्या गेल्या." मी मान वर केली नाही.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग "बरं" म्हणाले आणि घरी गेले.

जीप मी नीट करून दिली. दादा तिच्यात पुन्हा बसले नाहीत. टोचनचं काम आलं की म्हणायचे, "दुसऱ्या कुनाला धाड." शेवटी जीप विकली. मग ते रोज गॅरेजवर येऊन लाकडी स्टुलावर बसायला लागले. तीर्थपुरीला जायचं तर एसटीनं जायचे. मी समजून चाललो की ते घाबरले. खरं सांगायचं तर मला थोडं बरंही वाटलं होतं, की त्यांची चूक मी त्यांना दाखवली नाही, भावाचा मान राखला.

अशी आठ वर्षं गेली. एक दिवस तीर्थपुरीकडचा एक माणूस आला. पिकअप घ्यायची होती, मागं ट्रॉली ओढायची होती. नेहमीचा प्रश्न. मी दमलेला होतो, सकाळपासून एका गाडीखाली पाठ मोडली होती. नेहमीचं उत्तर दिलं, टर्बो, तेल, काजळी, दोन मिनिटं, सगळं. दादा पाठीमागं बसलेत हे ध्यानातच राहिलं नाही. माणूस गेला.

"जल्दी बंद केल्यावर तेल जळतं, असं सांगितलंस ना त्याला?" दादांनी विचारलं.

"हो."

"आपल्या जीपचं तेच झाल्तं का?"

खोटं बोलता आलं असतं. पण तेवढीही ताकद उरली नव्हती. "तेच झाल्तं, दादा."

"तवा ठाऊक व्हतं तुला?"

"पहिल्या दिवसापासून. पर तुम्हाला मी कसं शिकवणार?"

चिडले असते तर बरं झालं असतं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "तू मालच हलका म्हणलास तवा मला वाटलं, माझं मन राखायला बोलून राह्यलास. मी इतकी वर्षं समजून बसलो, का माझाच हात गेला."

समोर दुरुस्त झालेली एक जीप उभी होती, तिची चावी माझ्या खिशात होती. मी ती काढून दादांपुढं धरली. पुलापर्यंत एक चक्कर मारून या, म्हणालो. त्यांनी चावी हातात घेतली, अंगठ्यानं चाचपली आणि परत माझ्या हातात ठेवली.

"आता नजर न्हाई ऱ्हायली रे," दादा म्हणाले. "तवा व्हती."