सोबत

बेदाण्याच्या शेडातून सुटताना बायकांनी दारात ओळीनं उभं राहायचं आणि एकेकीनं पदर झटकून दाखवायचा, अशी पद्धत होती. पदरात बेदाणा निघाला तर दुसऱ्या दिवशी काम नाही. माझ्या आईनं हे इतक्या हंगामांत केलं, की घरी आली तरी उंबऱ्यात थांबून ती आधी पदर झटकायची. आम्ही हसायचो. ती म्हणायची, "हसा. सवय लागली आता."

वडील दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत औषध मारायला जायचे. मोरचुदानं त्यांची नखं हिरवट झाली होती आणि साबणानंही तो रंग जात नव्हता. तासगाव आणि पलूसच्या मधलं आमचं गाव. पत्र्याची एक खोली, बाहेर चूल. घरात दहावीपर्यंत पोहोचलेली मी पहिली, आणि दहावीला मला शाळेत सगळ्यांत जास्त गुण पडले. हे सांगायला मी लाजत नाही.

सांगलीच्या कॉलेजात जायचं ठरलं तेव्हा वडिलांनी एकच अट घातली. "सोबत असंल तर जा. एकटी न्हाई."

गावातून सांगलीला जाणारी दुसरी मुलगी एकच होती. शेडाच्या मालकांची. जैनाचं घर, दारात गाडी. तिच्या वडिलांना तिला डॉक्टर करायचं होतं. तेव्हा माझं शिक्षण त्या मुलीच्या येण्यावर टांगलेलं होतं, आणि ते मला आवडत नव्हतं. जिच्या दारात आई पदर झटकते, तिच्याशेजारी रोज एसटीत बसायचं.

ती बसायची आणि झोपायची. एसटीत झोपायची, वर्गात झोपायची, तासगावात गाडी बदलायची वेळ झाली की मी तिला हलवायची.

"आलं का?"

"आलं. ऊठ, म्हैस."

"म्हैस दूध तरी देती. मी काय देती?" असं म्हणून ती पिशवी उचलायची. चाचणीत नापास झाली तरी चेहऱ्यावर काही नसायचं. ज्यांना सगळं मिळालंय त्यांना असंच झोपता येतं, असं मी मनात पक्कं करून टाकलं होतं. तरी डबा आम्ही एकत्रच खायचो. तिला कांदा-लसूण चालायचा नाही म्हणून आई माझी भाजीसुद्धा बिनकांद्याची करायला लागली होती.

बारावीची परीक्षा झाली. परत येताना एसटीत ती जागी होती, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

"मी आता यायची न्हाई," ती म्हणाली. "मला जमत न्हाई ते. अण्णांना सांगणार हाय."

मी खिडकीबाहेर बघत बसले. ती थांबली की मीपण थांबणार, हे तिला ठाऊक होतं.

आठवडाभरानं आईचा डबा द्यायला शेडात गेले. खरं तर तिला समजावायला गेले होते. मनात भाषण तयार होतं. आत बघितलं तर ही द्राक्षं वाळत घालायच्या वरच्या जाळीवर चढून जाळ्या झाडत होती. केसांत धूळ, ओढणी कमरेला बांधलेली, खाली उभ्या गड्याला सांगत होती, "पलीकडची कड वली हाय, ती आज काढू नगा." कुणी काही विचारायच्या आत तिचा हात तिथं जात होता. दोन वर्षं मी जिच्या शेजारी बसले होते, ती ही नव्हती. किंवा हीच होती, आणि मला फक्त झोपलेली माहीत होती.

मी सुट्टी होईपर्यंत थांबले. बायका ओळीत लागल्या. आईनं पदर झटकला. आईच्या मागं ही उभी होती. तिनं कमरेची ओढणी सोडली आणि झटकली.

दारात उभे असलेले तिचे अण्णा हसले. "तू कशाला गं?"

"काम केलंय की आज."

दया वगैरे काही नव्हती त्यात. जो आत काम करतो तो झटकतो, एवढंच. माझं भाषण तिथंच राहिलं.

बाहेर कट्ट्यावर बसून मी म्हणाले, "माझ्यासाठी येऊ नको तू."

"तुझ्यासाठी कोण येत होतं? घरी बसले असते तर लगीन लावलं असतं. आता शेड बघती म्हणून सांगितलंय अण्णांना." ती पाय झाडत म्हणाली. "चल तुझ्या घरी."

घरी वडील नुकतेच येऊन हातपाय धूत होते. आईनं तिला बघितलं आणि लगेच तवा ठेवला. "दिवस मावळायच्या आत खाऊन घे बाई, मग तू पाणीबी घ्यायची न्हाईस."

ती बसलीच नाही. "आवं काका, मी कॉलेज सोडतीय. पण हिला सोबत लागत न्हाई. दोन वर्सं मी झोपलेली असायची. गाडी कुठली, उतरायचं कुठं, सगळं हीच बघायची. सोबत मला होती, हिला न्हवती."

वडिलांनी पंच्यानं हात पुसले. पंचा खांद्यावर टाकून म्हणाले, "मिरजंच्या दवाखान्याला न्यायचं म्हणून एकदा माझ्या म्हाताऱ्या आईला घेऊन निघालो हुतो. विट्याला जाऊन उतरलो. पाटी वाचता येत न्हाई मला. कुणाला इचारायची लाज वाटली." मग माझ्याकडे न बघता, "मला वाटायचं पोरीचंबी तसंच हुईल."

मी त्यांना कडक समजत होते.

ती तव्याजवळ बसून भाकरी खायला लागली. "काका, एक दिस जावा की हिच्यासंगं. बघा तरी."

कॉलेज सुरू झालं त्या दिवशी वडील माझ्याबरोबर आले. तासगावच्या स्टँडवर मी प्रत्येक गाडीची पाटी त्यांना वाचून दाखवली, विट्याचीसुद्धा. सांगलीत कॉलेजच्या फाटकापर्यंत आले, आत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले.

शेड आता तीच बघते. पदर झटकायची पद्धत अजून आहे. त्यावरून आमचं भांडण होतं, आणि ती स्वतःची ओढणी झटकून दाखवते.

मी बी.एस्सी. झाले. साताऱ्यात माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर.