बसून काम

"काम काय करता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बसून असतं," तो म्हणाला. खोटं मुळीच नव्हतं. फक्त ती खुर्ची उंच क्रेनच्या डोक्यावर, काचेच्या केबिनमध्ये होती, तेवढं त्याने गिळून टाकलं. आजारी म्हटलं की खुर्चीत दुसरा बसतो, ही धास्ती. शेजारी बसलेल्या बायकोने डोळे वटारले, पण चारचौघांत नवऱ्याला तोंडघशी पाडायची तिला सवय नव्हती.

"खडा मूत्रनलिकेत खाली येऊन अडकलाय," बाई म्हणाल्या. "ही गोळी नळीचे स्नायू सैल करते. खडा लघवीवाटे पडायला मदत होते, पण सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. रोज रात्री जेवल्यावर घ्या. हिने रक्तदाब उतरतो, उठताना चक्कर येईल, जपा. पाणी भरपूर प्या. ताप आला किंवा लघवी अडली तर तडक या."

पाणी! तिथेच तर घोडं अडलं होतं. लघवीला खाली उतरायचं म्हणजे सगळं बांधकाम खोळंबणार, म्हणून हा गडी वर्षानुवर्षं घोटभर पाण्यावर दिवस काढत आलेला. वर त्याचा कोण अभिमान!

त्या रात्री कळ थांबवायच्या औषधाने त्याचा डोळा लागला आणि ही गोळी राहून गेली. सकाळी आठवल्यावर त्याने ती उपाशीपोटीच टाकली आणि बूट चढवले.

"अहो, आज वर नका ना जाऊ," बायको काकुळतीला आली.

"उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस," म्हणत तो निघाला. खरं तर घोर त्यालाच लागला होता.

लोखंडी सळयांचा भारा हवेत होता. खाली त्याचा मेहुणा वॉकीटॉकीवर इशारे देत होता. भारा नीट दिसावा म्हणून तो खुर्चीतून उठला, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. क्रेन चालवायच्या दांड्यावरून हात सुटला. हात सुटताच क्रेन आपोआप थांबली, भारा मात्र झुलत राहिला.

"दाजी, थोडं डावीकडे... दाजी? अहो दाजी!"

तो मटकन खाली बसला. घामाने अंग गार पडलं होतं. वॉकीटॉकी सगळ्यांच्या कानाशी. बोललं तर खुर्ची जाणार, नाही बोललं तर... त्याने बटण दाबलं.

"सगळ्यांना लांब घे. मला गरगरतंय. मुतखड्याची गोळी घेतलीय मी."

डोकं थाऱ्यावर आल्यावर त्याने भारा मोकळ्या जागी इंच इंच उतरवला. मेहुणा पाण्याची बाटली घेऊन धापा टाकत वर आला. "आधी प्या," एवढंच म्हणाला. शिडी उतरताना तो एक पायरी खाली राहिला आणि दाजींचा प्रत्येक पाय स्वतःच्या हाताने टेकवत गेला.

खडा पडेपर्यंत वर चढायचं नाही, असं मुकादमाने ठणकावलं. दुसऱ्या दिवशी खुर्चीत दुसराच बसला. हा खाली, मेहुण्याशेजारी. भारा वरून सरकत आला तसा तो दोन पावलं मागे सरला. इतक्या वर्षांत त्याने तो खालून कधी पाहिलाच नव्हता.

"तुला रोज भीती नाही वाटत रे?"

"वर तुम्ही असलात की नाही वाटायची," मेहुणा म्हणाला. नजर भाऱ्यावरच होती.

त्याने पाण्याची बाटली उचलली आणि एका दमात रिकामी केली.