अक्षतांच्या पोत्यावरचा कॅमेरा

मेव्हण्याच्या, बाळाजीच्या लग्नाचा ठरलेला फोटोग्राफर मीच रद्द करायला लावला. नवा कॅमेरा घेतला होता, आणि मी पडलो लातूरचा थोरला जावई. मुरुडला, सासुरवाडीत, मला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. (बायकोची होती. सुनंदा म्हणाली, "तुमचे हात कापतेत. बारशाच्या फोटोत आत्याबाईला तीन डोळे आलेत." पण जावयापुढं बायकोचं कोण ऐकतं!)

सासूबाईंनी एकच मागितलं. "जावईबापू, पोरं हार घालतेत तेवढा एक फोटो नीट काढा. भिंतीवर लावायचाय."

झालं. तेव्हापासून हात जास्तच कापायला लागले. कोपरं बरगड्यांना टेकवून श्वास रोखला, तर सुनंदाचे मामा पाण्याचा तांब्या घेऊन पळत आले. "घाबरं व्हायलंय का?" मांडवाच्या खांबाला टेकलो, तर बँडच्या ढोलाबरोबर खांबच माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता.

एवढ्यात स्टेजसमोरचं अक्षतांचं पोतं दिसलं. हळद लावलेल्या पिवळ्या ज्वारीनं गच्च भरलेलं, हलायचं नाव नाही. वर खळगा करून कॅमेरा बसवला, नवरा-नवरीच्या तोंडावर नेम धरला, दर पाच सेकंदांनी आपोआप फोटो निघेल अशी सोय केली आणि हात पाठीमागं बांधून लांब उभा राहिलो. आता कापा म्हटलं हातांना, किती कापता ते!

मंगलाष्टका सुरू झाल्या. अक्षता पुरेनात, म्हणून करवल्या पोत्यातून ताटं भरू लागल्या. मी लांबूनच ओरडलो.

"कॅमेऱ्याला धक्का लावू नका गं."

"न्हाई लावत, दाजी. म्होरून काढायलाव."

खरंच लावला नाही. गुणाच्या पोरी, स्टेजच्या बाजूनं ओंजळी ओंजळीनं काढत होत्या.

गळ्यात हार पडले, टाळ्या झाल्या, आणि सासूबाई चष्मा पुसत फोटो बघायला आल्या. पहिल्या फोटोत बाळाजीचं तोंड. पुढच्यात छाती. मग कंबर. पुढून पोतं रिकामं होत गेलं तसा कॅमेरा नम्र होत गेला होता. हार घालतानाच्या फोटोत चार पाय होते. नवरीच्या मेंदीची नक्षी, बाळाजीचं वाढलेलं नख, सगळं आरशासारखं स्वच्छ.

"हललेला एकबी न्हाई," मी म्हणालो.

सासूबाईंनी चष्मा काढला.

"सुनंदा, त्या फोटोग्राफरला बोलव. हार परत घालू. अन् तवर ह्यांना जेवायला बसव. तिथं त्यांचा हात कापत न्हाई."