पोटातल्याच्या तक्रारी

पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. दुसऱ्या खेपेला आठवा लागला आणि माझी झोप उडाली. कुशीवर पडून हात पोटावर ठेवायचा आणि मोजत राहायचं. आता हललं, की मला नुसतं वाटलं?

देऊळघाटच्या दवाखान्यातल्या सिस्टरबाईंनी रक्तदाब पाहिला. चढलेला होता. डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या, आणि वर म्हणाल्या, "रोज दिवेलागणीला दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी घरात कुणाला तरी मोठ्यानं सांग. एक बाळाची."

चांगलं शोधावंच लागे. अळी लागत नाही म्हणून बीटी कपाशी पेरलेली, आणि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. तरी दोन गोष्टी सापडल्या. तिसरी बाळाची सांगू लागले तशा सासूबाई कडाडल्या, "चूप बस वो! पोटातल्याचं चांगलं बोलून राह्यली? दृष्ट लागते."

पहिल्या खेपेला मी गल्लीभर सांगितलं होतं, पोर फार चपळ आहे म्हणून. ते त्यांच्या मनात होतं. माझ्याही.

दोन दिवसांनी तोड त्यांनीच काढली. "लेकरू जगावं म्हून धोंड्या, दगड्या नाव ठेवतेत ना? तसंच उणं सांग."

मग मी तक्रारी करू लागले. "आज लाथा मारू मारू भाकर खाऊ दिली नाही."

"मोठं द्वाड हाय," सासूबाई म्हणत. "माह्या हातचं वरणही दोन वाट्या पेलं त्यानं. खादाड!"

"काऊन वो, जन्माच्या आधीच त्याले शिव्या?" नवरा ओसरीतून विचारी. त्याचं हसू त्या दिवसांत तेवढंच.

भीती गेली नाही, पण बोलून झालं की अंग सैल पडे. झोप लागू लागली.

एका संध्याकाळी मी बसले आणि सांगायला तक्रारच सापडेना.

"काऊन चूप?" सासूबाईंनी विचारलं.

"आज त्यानं काहीच त्रास दिला नाही," मी म्हणाले. म्हणेपर्यंत माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

सासूबाई दिवा न लावताच उठल्या. शेजारचा ऑटो काढायला लावला. बुलडाण्याच्या दवाखान्यात बाळाचे ठोके लागले, पण मंद. लगेच ऑपरेशन झालं.

मुलगी झाली, लहानखुरी. काचेच्या पेटीत ठेवली. तिचं रडणं मी भिंतीपलीकडून ऐकलं, नर्सला दोनदा विचारून खात्री केली, आणि पाच तास सलग झोपले.