एकशे चौदा नंबरचं पुस्तक

वही रॅकवर नाही हे लक्षात आलं तेव्हा मी आधी सगळी रांग पुन्हा तपासली. एकशे तेरा होतं, एकशे पंधरा होतं, मधे दोन बोटं जातील एवढी फट. मग समोर उभ्या असलेल्या बाईंच्या हातात मी भलतंच पुस्तक ठेवलं. त्या रागावल्या. मला त्यांचा एक शब्दही ऐकू आला नाही.

घाटकोपर पूर्वेला एका इमारतीच्या जिन्याखाली ती सर्क्युलेटिंग लायब्ररी होती. मी तिथे पुस्तकं देण्याघेण्याचं काम करत होते. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. घरोघरी टीव्ही आले होते, तरी दुपारी बायकांना रहस्यकथा लागायचीच. लायब्ररीचे मालक, आम्ही त्यांना काका म्हणायचो, रोज सकाळी सायकलला दोन पिशव्या लावून आसपासच्या चाळींत आणि वसाहतीत घरपोच पुस्तकं द्यायचे. स्वतः काकांनी जन्मात एक पुस्तक वाचलेलं नव्हतं. खाकी कव्हर आणि कण्यावरचा नंबर, एवढीच त्यांची पुस्तकांशी ओळख.

म्हणूनच मला वाटलं होतं की वही लपवायला याहून चांगली जागा मुंबईत सापडायची नाही. घरी दोन खोल्यांत आई, दोन भाऊ आणि मी. माझा म्हणून कपाटाचा एक खणसुद्धा नव्हता. एकशे चौदा नंबरचं मूळ पुस्तक कधीच हरवलं होतं. मी माझ्या दोनशेपानी वहीला खाकी कव्हर घातलं, कण्यावर एकशे चौदा लिहिलं आणि दिली रांगेत ठेवून. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होते.

वहीत काय होतं ते सांगते. माझी एक मैत्रीण होती. वाकोल्याला भाऊ-वहिनीकडे राहायची आणि पोलिसांच्या एका कचेरीत जुन्या फायलींच्या खोलीत कारकून होती. तपास न लागलेली प्रकरणं फितीने बांधून तिच्याकडे येऊन पडायची. रविवारी दुपारी लायब्ररी बंद असे. ती बसने यायची, आम्ही शटर अर्धं ओढून आत बसायचो. ती नावंगावं गाळून एखादं प्रकरण सांगायची आणि मी त्याची कादंबरी करायचे. माझ्या कादंबरीत दोन बायका होत्या, थोरली आणि धाकटी. पोलिसांनी सोडून दिलेली प्रकरणं त्या पुन्हा उघडायच्या. लिहून झालं की पुढच्या रविवारी मी तिला वाचून दाखवायचे. पण सगळं नाही. थोरली आणि धाकटी एकमेकींच्या प्रेमात होत्या, आणि ती पानं मी वाचताना गाळायचे.

थोरलीच्या भुवईत जखमेची खूण होती. माझ्या मैत्रिणीच्याही होती. धाकटी एका लायब्ररीत कामाला होती. अक्षर माझं, आणि तेच अक्षर लायब्ररीतल्या प्रत्येक कार्डावर. वही उघडणाऱ्या बाईला पाच मिनिटांत सगळं कळलं असतं. रहस्यकथा लिहिणारी मी लपवाछपवीत इतकी ढ होते.

ती पहिली वही भरली दिवाळीत. पुढचं मी दुसऱ्या वहीत लिहायचे, ती माझ्या पर्समध्ये असे. पहिल्या वहीकडे सहा महिने मी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी एक तपशील पाहायचा होता म्हणून हात घातला, तर फट.

काकांना विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर त्यांनी ती वही उघडली असती. मी मुकाट्याने कार्डं लावत बसले. पुढचे आठ दिवस मी नुसती भ्यायलेली होते, दुसरं काही नव्हते. दारात कोणी बाई आली की वाटायचं, हिनेच वाचलंय. हसली तर भीती, नाही हसली तर जास्त भीती. त्याच सुमारास पेपरात कुठल्याशा गावच्या दोन बायकांची बातमी आली होती, दोघी एकत्र राहतात म्हणून नोकरीवरून काढलेल्या. काकांनी ती मोठ्याने वाचून दाखवली होती, आणि दारातल्या दोघीतिघी खो खो हसल्या होत्या. मीही हसले होते. ते हसणं आता मला रोज आठवायचं.

जेवण जाईना. आई म्हणाली, "ताप इलो काय गो तुका?" मी नाही म्हटलं आणि ताटावरून उठले.

माझं घर गेलं असतं, नोकरी गेली असती, आणि कुणी तिच्या कचेरीत चिठ्ठी टाकली असती तर तिचीही. पण खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती ती तिला कळण्याची. तिला कळलं की रविवार संपला. ती वाकोल्याहून बसने यायची नाही, स्टुलावर पाय वर घेऊन बसायची नाही, "मग पुढे?" म्हणायची नाही. आठवड्याचे सहा दिवस मी त्या एका दुपारसाठी ढकलत होते. मधल्या रविवारीही तिला काही कळू न देता मी दुसऱ्या वहीतलं वाचून दाखवलं होतं.

नवव्या दिवशी, शनिवारी, काकांनी परत आलेल्या पुस्तकांची पिशवी माझ्या टेबलावर पालथी केली.

"एकशे चौदाला काय डिमांड आहे गं! आज तिघींनी विचारलं, दुसरा भाग कधी येतोय म्हणून."

मी ढिगातून ती वही उचलली. काका दुसरी पिशवी आणायला बाहेर गेले.

आमच्याकडे बायकांची एक सवय होती. खाकी कव्हरात सगळी पुस्तकं सारखीच दिसायची, म्हणून वाचून झालं की शेवटच्या पानावर आपली खूण करायची, म्हणजे तेच पुस्तक पुन्हा घरी यायचं नाही. कुणी चांदणी काढायची, कुणी तुळशीचं पान, कुणी नुसती दोन टिंबं. नवी खूण आधीच्या खुणेखाली. कुठली खूण कुणाची, हे मला तोंडपाठ होतं.

मी वहीचं शेवटचं पान उघडलं. चांदणी होती. तुळशीचं पान होतं, म्हणजे समोरच्या इमारतीतल्या निवृत्त शिक्षिका. त्या लायब्ररीत येऊन माझ्याशी त्याच आठवड्यात तांदळाच्या किडीबद्दल बोलून गेल्या होत्या. खाली दोन टिंबं, मग एक फूल. आणि या सगळ्यांच्या वर, पहिली, लाल-निळ्या पेन्सिलीच्या लाल टोकाने काढलेली छोटी चौकट. कचेरीत फायलींवर शेरे मारतात ती पेन्सिल. ती खूण मी शंभर पुस्तकांत पाहिली होती.

माझ्या मैत्रिणीची.

फायली लावणारी बाई ती, आणि दर रविवारी जाताना रॅकवरून स्वतःच पुस्तक काढून न्यायची. हरवलेल्या नंबरावर पुस्तक उभं आहे हे तिला दिसणारच होतं. आणि मग मला दळणाचा डबा आठवला. तिनेच सांगितलेलं प्रकरण: एक बाई डबा घेऊन गिरणीत गेली, गहू ठेवले, आणि परत आलीच नाही. दळलेलं पीठ आठवडाभर गिरणीत पडून. माझ्या कादंबरीत थोरली आणि धाकटी त्या बाईला शोधून काढतात. तिला कोणी मारलेलं नसतं. ती बोरिवलीला आपल्या मैत्रिणीबरोबर संसार करत असते. हा शेवट गाळलेल्या पानांत होता. माझी मैत्रीण दर रविवारी विचारायची, "डब्याचं काय झालं गं?" मी म्हणायचे, लिहितेय. दिवाळीनंतर तिने विचारणं बंद केलं. मला वाटलं होतं, विसरली.

म्हणजे सहा महिने तिला माहीत होतं. सहा महिने ती समोर बसून ऐकत होती, मी कुठे गाळते तेही तिला कळत होतं, आणि ती काही बोलत नव्हती. का? किळस आली म्हणून? दया म्हणून? त्या रात्री मी आईशेजारी पडून होते आणि भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेली.

रविवारी ती आली. शटर अर्धं ओढलं. स्टुलावर बसली, पण पाय वर घेतले नाहीत. टेबलावरची खाकी वही तिला दिसली होती.

"आज नवीन काही लिहिलं नाही," मी म्हटलं.

"मग जुनं वाच ना. डब्याचं."

मी वाचायला लागले. गिरणी आली, गहू आले, पिठाचा डबा आला. मग ते पान आलं. सवयीने माझ्या बोटांनी पुढची चार पानं एकत्र धरली.

"गाळू नकोस गं," ती म्हणाली.

मी वर पाहिलं. तिने स्टुलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. इतके दिवस मी एकटीच घाबरलेय असं समजत होते.

"दिवाळीपासून वाट बघतेय यार मी. तू वाचशील म्हणून."

मी उठून शटर उरलेलं अर्धंही खाली ओढलं, दिवा लावला आणि ती पानं वाचायला घेतली. मी इतकं हळू वाचत होते की तिला दोनदा म्हणावं लागलं, जरा मोठ्याने वाच.