खांड्याला बांधलेली गाठ

उमेदचं लग्न झालंय की नाही, हा प्रश्न काही केल्या सज्जनकंवरच्या डोक्यातून जात नव्हता. पोरीची सोयरीक बिकानेरला झालेली, दिवाळीनंतरचा मुहूर्तही धरलेला. आणि शेजारच्या रावळ्यात, ठाकुरांच्या वाड्यात, मात्र नवी सून कधी येणार याची चौकशी सुरू झाली होती.

हे सगळं त्या सिनेमापायी.

उमेद आधीपासूनच घरात न टिकणारी. सुभेदार बापाने हौसेने घोड्यावर बसवली, तेव्हापासून तिला जमिनीवर करमेना. किल्ल्यातल्या हॉटेलचे घोडे तीच सांभाळायची, आणि सणाला घूमर धरला की बाकीच्या बायका गिरक्या थांबवून तिच्याकडेच बघत राहायच्या. सज्जनकंवर स्वतः इतिहासात एम.ए.; मुलीला तिने कधी अडवलं नाही. काळजी तेवढी केली.

त्याच किल्ल्यात सिनेमावाले उतरले. गोष्ट जुन्या राजघराण्यातली. लढाईत अडकलेल्या राजाने आपला खांडा, म्हणजे तलवार, पाठवला आणि राजकन्येने त्या खांड्याशीच फेरे घेतले. त्यावर गाण्यांवर गाणी. फेऱ्यांच्या दिवशी नायिकेला ऊन लागलं. घुंगट छातीपर्यंत, आत कोण आहे ते कुणाला दिसणार होतं? अंगाबांध्याने तशीच म्हणून उमेदला बसवलं.

सगळं खरंखुरं दिसायला हवं म्हणून दिग्दर्शकाने गावचे पुरोहित जेठमलजी बोलावले. पत्र्याची तलवार पत्र्याचीच दिसते म्हणून रावळ्यातून घराण्याचा खांडा मागून आणला. जेठमलजींनी जन्मात विधी अर्धा सोडला नव्हता. दिग्दर्शक ‘कट’ म्हणून ओरडला तरी त्यांचे मंत्र चालूच. गाण्यासाठी फेरे पुन्हा, मग पुन्हा.

‘‘एकाच नवऱ्याशी किती वेळा लग्न करशील गं?’’ बघायला आलेल्या काकीसाने विचारलं.

‘‘असू दे, काकीसा,’’ घुंगटातून उमेद म्हणाली. ‘‘हा उलटून बोलत नाही.’’

सगळ्या हसल्या. हसणं थांबलं ते खांडा परत गेल्यावर. उमेदच्या ओढणीची गाठ मुठीला तशीच होती. सिनेमावाल्यांनी घाईत ओढणी कापून काढली, पण गाठ सोडली नाही. ती सोडायची असते सासरी पोचल्यावर, नणंदेने. रावळ्याच्या ठकराणीसांनी गाठ पाहिली आणि खांडा देवघरात ठेवला. त्यांची सासू याच खांड्याशी फेरे घेऊन त्या घरात आलेली. मुलगा देवीसिंह अजून बिनलग्नाचा.

महिनाभर नुसती कुजबुज. आज, तीजेच्या सणाच्या आदल्या दिवशी, दारात सिंजारा आला. लहरियाची ओढणी, बांगड्या, मेंदी, वर घेवराच्या मिठाईचा डबा. ठरलेल्या सुनेला सासर पाठवतं, तो मान. सुभेदारांनी तो उतरवून घेतला, आणणाऱ्या म्हातारीच्या हातावर पैसे ठेवून तिला वाटेला लावलंसुद्धा.

‘‘कुठून आली ते विचारलंत तरी का?’’ सज्जनकंवरने विचारलं.

‘‘सिंजारा आणणारीला कुणी विचारतं का? आपल्याला सोयरे एकच, बिकानेरचे.’’

‘‘ही रावळ्यातली होती.’’

सुभेदारांनी डबा बाजेवर ठेवला. परत पाठवावा तर ठकराणीसांचा अपमान, ठेवून घ्यावा तर सून दिल्यासारखं. सज्जनकंवरने जेठमलजींना बोलावून घेतलं.

‘‘नाव मी राजकन्येचंच घेतलं, बाईसा,’’ ते खाली बघत म्हणाले. ‘‘पण अग्नीसमोर बसली ती तुमची.’’

‘‘मग झालं की नाही झालं?’’

‘‘कन्यादान नाही झालं. मी म्हणेन नाही झालं. पण रावळ्यात मला कुणी विचारलेलं नाही.’’

ते गेल्यावर सुभेदार हळूच म्हणाले, ‘‘डबा कपाटात ठेव. दिवाळी उलटली की कोण कशाला बोलतंय? बिकानेरला तर ती सिनेमात बसली हेही माहीत नाही.’’

तेवढ्यात उमेद तबेल्यातून आली. डबा दिसताच झाकण उघडून तिने घेवराला हात घातला. सज्जनकंवरने तिचं मनगट धरलं.

‘‘तोंडात घालू नकोस.’’

सगळं ऐकल्यावर मात्र उमेद हसली नाही. ‘‘माँसा, मी तिथे घामाने निथळत होते. पायाला मुंग्या आल्या होत्या. कुणाला वरतेय असं एकदाही मनात आलं नाही. बिकानेरच्या त्यांना मी हे सांगणार होते, तुम्ही थांब म्हणालात.’’

‘‘सोयरीक मोडतील गं ते.’’

‘‘मोडू देत. रावळ्याकडून कळलं तर मोडतीलच, वर मला खोटारडी म्हणतील. तुम्ही सांगता की मी सांगू?’’

सज्जनकंवरने मनगट सोडलं. झाकण लावून डबा उंबऱ्याजवळ नेऊन ठेवला. तो परत द्यायला ती स्वतः रावळ्यात जाणार होती, पण आधी बिकानेर. होणारी विहीण कडक. एका वाक्यात नाही म्हणून फोन ठेवणारी.

‘‘मीच सांगते,’’ ती म्हणाली. ‘‘तू इथे बस माझ्याजवळ.’’

आणि तिने नंबर लावला.