अण्णा डॉक्टर आणि आईचा डावा डोळा

अण्णा डॉक्टर गेल्याची बातमी त्यांच्या कंपाउंडरने सायकलवरून शाळेत आणली. मी सातवीला भूमिती शिकवत होतो. "मास्तर, पहाटे गेले... झोपेतच," एवढं बोलून तो दारातच रडू लागला. मी "बरं" म्हणालो आणि फळ्याकडे वळून प्रमेय पुरं केलं. यात शेखी मिरवण्यासारखं काही नाही. ज्या माणसाशी चार वर्षं एक शब्द बोललो नाही, त्याच्यासाठी रडायचं कसं, ते मला कळेना. मुलांनी त्या तासाला एकही शंका विचारली नाही.

चिंचवडला स्टेशनच्या रस्त्यावर अण्णांचा डोळ्यांचा दवाखाना होता, एकाच खोलीचा. देहूरोडच्या कामगारांच्या डोळ्यांत उडालेली लोखंडाची कुसळं, पिंपरीच्या निर्वासित छावणीतल्या पोरांच्या पापण्यांतली खुपरी, सगळं तिथंच. पुण्यात बस्तान बसवलं असतं तर बंगला बांधला असता. पण माणूस हट्टी. दर रविवारी आमच्याकडे पिठलं-भाकरी आणि बुद्धिबळ ठरलेलं. हरले की म्हणत, "मास्तर, तुमचा पटच वाकडा आहे." आईला ते माझ्याहून लाडके होते आणि ती तसं माझ्या तोंडावर सांगत असे.

आई एकादशीला आळंदीला जायची. एका रविवारी ती मोठ्या आनंदात म्हणाली, "अन्ना, समईभवती रंगीत कडं दिसतंया मला. तांबडं, हिरवं... माउलीनं दर्सन दिलं म्हनायचं!" आळीतल्या बायका तोवर तिच्या पाया पडू लागल्या होत्या. अण्णांनीही हसून हात जोडले. "मग आम्हालाही आशीर्वाद द्या की." मग त्यांनी दिवा जवळ घेऊन तिचे डोळे पाहिले. मोतीबिंदू धरतोय, अजून कच्चा आहे, पिकू द्या, थंडीत काढू, म्हणाले. तेव्हा मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढत नसत आणि आंबे आढीत घालणाऱ्या आमच्या गावाला ते लगेच पटायचं. आईचं डोकं संध्याकाळी ठणकायचं, उलटी व्हायची. उपासाचं पित्त, असं ती म्हणे; आम्हीही तेच म्हणालो आणि अण्णांच्या कानावर घातलं नाही. थंडी पडायच्या आत, एका दिवसात, तिचा उजवा डोळा विझला.

पुण्याच्या मोठ्या इस्पितळात कळलं, हा काचबिंदू. आतून डोळ्यावर दाब वाढतो आणि दिव्याभोवतीचं रंगीत कडं ही त्याची वर्दी असते. मोतीबिंदू पिकायची वाट पाहता येते, याची नाही. डाव्या डोळ्यावर लगेच शस्त्रक्रिया झाली. माणसं ओळखता येतील इतपत नजर वाचली.

आम्ही परतल्यावर अण्णा शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. "मास्तर, चूक माझी आहे. बाईंनी कडं सांगितलं आणि मी हसलो. मी विचारायला हवं होतं..."

"चूक कसली? तुम्ही माझ्या आईला आंधळं केलंत," मी म्हणालो. पोरांच्या देखत म्हणालो. पित्ताचं बोलणं आमचंही होतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणूनच बहुधा आवाज इतका चढला.

त्यानंतर दर एकादशीला अण्णा आळंदीला दर्शनाच्या रांगेशी उभे राहून म्हाताऱ्या बायकांना विचारत, "दिव्याभोवती कडं दिसतं का?" एकीने त्यांना पाखंडी म्हणून शिव्या घातल्या, तरी तिला त्यांनी बसमध्ये घालून पुण्याला नेलं. तिचे दोन्ही डोळे राहिले. हे कुणी सांगितलं की मी म्हणे, "आता काय उपयोग?" आईला मी तीन-तीन महिन्यांनी पुण्याला नेत असे. तिथले डॉक्टर म्हणत, "डोळा उत्तम राखलाय. कोण बघतं?" मी ऐटीत सांगे, "घरचेच."

अण्णांच्या तेराव्यानंतर एका गुरुवारी शाळेला सुट्टी होती, म्हणून दुपारी घरी होतो. आई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. तिने विचारलं, "आज बेस्तरवार न्हवं?" मी हो म्हणालो. मग म्हणाली, "आता येनारा गेला, मग लपवायचं कशापायी? दर बेस्तरवारी यायचे ते. तू साळंत असतानी. डोळा दाबून बघायचे, सूनबाईला थेंबाचं सांगायचे, पानीबी न घेता जायचे."

मी सौभाग्यवतीकडे पाहिलं. ती मान खाली घालून तांदूळ निवडत राहिली. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं; माझ्या रागाला माझीच माणसं चार वर्षं भीत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू त्यांना दारात उभं केलं असतंस व्हय?"

आईने डोळे मिटले आणि तोंड वर केलं. "ये हिकडं. दोन बोटं ठेव पापनीवर. हळू. अन्ना म्हनायचे, नाकाच्या शेंड्यागत लागला तर झ्याक, कपाळागत टनक लागला तर लगी पुन्याला." मी बोटं ठेवली. पहिल्यांदा मला काहीच कळेना. हात काढून घेतला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा कळलं.

"नाकाच्या शेंड्यासारखा लागतोय," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दे जरा हात," आई म्हणाली. "ते बी घाई करायचे न्हाईत."